घंटा वाजली तेव्हा शेपटी कुणाच्या हातात होती?

"माझ्या बापाला मी स्वतः उडवत नेणार!" ग्रोविकच्या एकुलत्या एका दुकानात, पावाच्या फळीला टेकून टोरग्रिमनं जाहीर केलं. "इथं कॉफी ओतून ठेवा. ती निवायच्या आत म्हातारा माझ्या आईच्या शेजारी पोचलेला असेल!"

दुकानातली माणसं काही बोलली नाहीत. ग्रोविकमध्ये कुणी काही बोललं नाही की त्याला होकार समजतात. नकारही असाच असतो. फरक ओळखायला तिथं जन्म घ्यावा लागतो, आणि जन्म घेऊनही टोरग्रिमची कधीकधी चूक होत असे.

तसं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ग्रोविक म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्या भांडणात मधेच अडकलेलं मूठभर गाव. गावात एक चर्च, एक मासळीचा कारखाना आणि टोरग्रिमचं एक हेलिकॉप्टर. त्या हेलिकॉप्टरातून तो डोंगरावरच्या खोपट्यांना लाकूडफाटा पोचवायचा, मेंढ्यांना मीठ पोचवायचा, वादळानं वाकलेल्या खांबांवर वायरमन पोचवायचा. मग बापाला का नाही पोचवणार?

पोचवायचं होतं समोरच्या हेलोया बेटावर. बेटावर आता कुणी राहत नाही. घरं ओस पडली, राहिलं ते लाकडी चर्च आणि त्याच्या अंगणातली थडगी. टोरग्रिमची आई ओलिना तिथं निजली होती. ती त्या बेटावरची लेक. तिला तिच्या नवऱ्यानं, आन्फिननं, स्वतः वल्ही मारत नेलं होतं. बेटाचं पाणी उथळ, खाली खडकांचे दात. मोटारबोटीचा पंखा तिथं लागलाच म्हणून समजा. आन्फिन मात्र जन्मभर त्या पाण्यातून होडी नेत आला. नवऱ्या मुली नेल्या, मेंढ्या नेल्या, पाद्री नेले, मढी नेली. वल्ही मारताना तो गुणगुणायचा:

ओढ गड्या ओढ,
लाट आली भारी,
पल्याडच्या दारी
दिवा जळे.

शेवटच्या आजारात म्हाताऱ्यानं टोरग्रिमचा हात धरला होता. "मला ओलिनाशेजारी ठेव. बाकी कुठं नको."

"ठेवीन, बाबा. मी तुला उडवत नेईन."

म्हातारा काही बोलला नाही. टोरग्रिमनं त्याला होकार समजला.

वास्तविक त्यानं जरा विचार करायला हवा होता. आन्फिनचं हेलिकॉप्टरविषयीचं मत साऱ्या गावाला पाठ होतं. "ज्याला जमिनीवर चार पावलं चालता येत नाहीत, ते आभाळात काय दिवे लावणार!" असं तो म्हणायचा, आणि दर वेळी समुद्रात थुंकायचा.

म्हाताऱ्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, तेवढंच दुखणं होतं. टोरग्रिमच्या हेलिकॉप्टरला चाकं नव्हती. खाली नुसत्या दोन लांब नळ्या, घसरगाडीला असतात तशा. शेडमधून बाहेर काढायचं तर त्या नळ्यांना दोन छोटी चाकं अडकवायची, दांडा दाबून त्याला चाकांवर उचलायचं आणि ढकलायचं. अशा वेळी ते बैल सोडलेल्या गाडीसारखं दोन चाकांवर डुलतं. सपाटीवर सोडून दिलं तर नाक टेकून मुकाट बसतं. पण शेड होती उतारावर, आणि हेलिकॉप्टर काढावं लागे शेपटीकडून. शेपटी उताराला असली की नाक काही टेकत नाही. मग शेपटी कुणीतरी धरून ठेवावीच लागते.

एरवी हे काम टोरग्रिम आणि त्याची बायको आसलाउग दोघं मिळून करत. तो ढकलायचा, ती शेपूट धरायची. पंधरा वर्षांत हेलिकॉप्टरला ओरखडा नाही. पण त्या शनिवारी सकाळी शेडचं दार उघडलं, तर बाहेर अख्खा गाव उभा! काळे कोट, काळ्या टोप्या, हातात हातमोजे.

"सावड आहे," शेजारचा ओड्वार म्हणाला. "आन्फिनचं शेवटचं काम. ढकलायला आलोय."

आपल्याकडच्या सावडीसारखीच तिकडची सावड. कुणाचं छप्पर शाकारायचं, कुणाची होडी ओढायची, सगळ्यांनी यायचं, मजुरी नाही, कॉफी-केक मिळतो. तिचे दोन नियम आहेत. पहिला, सावडीला आलेल्या माणसाला परत पाठवायचं नाही. दुसरा, सावडीला मुकादम नसतो, म्हणून प्रत्येक जण मुकादम असतो!

"आम्ही दोघंच करतो नेहमी," टोरग्रिम चाचरत म्हणाला.

"तू आज दुःखात आहेस," ओड्वार म्हणाला. "तू बाजूला हो."

आसलाउगनं शेपटी धरली होती. तिच्या हातून ती चार गड्यांनी अदबीनं काढून घेतली. "आसलाउग, तू केकाचं बघ," म्हणाले. ती केकाचं बघायला गेली. जाताना तिनं नवऱ्याकडे अशी नजर टाकली, की लग्नाला इतकी वर्षं झालेल्या कुठल्याही माणसाला ती कळावी. टोरग्रिमला कळली. पण सावड!

"डावीकडं!" ओड्वार ओरडला.

"कुणाच्या डावीकडं? माझ्या की तुझ्या?"

"हेलिकॉप्टरच्या!"

"त्याचं तोंड तिकडं आहे, मग डावं कुठलं?"

"हळू! अरे हळू! मेंढी बाहेर काढताय का म्हाताऱ्याची गाडी?"

"दाबा शेपटी!"

"दाबलीय! तुम्ही ढकलता का ओढता ते आधी ठरवा!"

असं करत करत, आठ दिशांना आठ जण जोर लावत असताना, ते बिचारं हेलिकॉप्टर शेडच्या उंबऱ्याबाहेर आलं आणि उताराला लागलं. खाली गवताच्या पट्ट्यावर टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, कॉफीच्या किटल्या, साईचा केक. त्याच्या पलीकडे आन्फिनचं जुनं होडीघर, कुलूपबंद. त्याच्या पलीकडे समुद्र, शिशासारखा.

आणि त्याच क्षणी वळणावर काळी गाडी दिसली. गाडीत आन्फिन होता.

ग्रोविकची रीत अशी: मयताची गाडी गावातून निघाली की चर्चची घंटा वाजते. घंटा वाजली की हातातलं असेल ते काम सोडायचं, टोपी काढायची, मान खाली घालायची आणि घंटा थांबेपर्यंत हलायचं नाही. सुतार रंधा सोडतो. कोळीण मासा सोडते. शाळेतली पोरं मारामारी सोडतात, मग पुन्हा तिथूनच सुरू करतात. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही. ती हातातच असते.

घंटा वाजली.

टण्ण!

साऱ्या गावानं हात सोडले. साऱ्या गावानं टोप्या काढल्या. साऱ्या गावानं माना खाली घातल्या. ढकलणाऱ्यांनी सोडलं, ओढणाऱ्यांनी सोडलं, शेपटीवरच्या चौघांनी तर एका तालात सोडलं, कवायतीला शोभेल असं! आणि टोरग्रिम? पोटचा लेक! बाजूला हो म्हटलं तरी त्याचा एक हात हेलिकॉप्टरवर होता, तो त्यानं सगळ्यांच्या आधी काढला. गाडीत त्याचा बाप होता.

टण्ण!

हेलिकॉप्टर क्षणभर थांबलं. जणू तेही विचार करत होतं की, आपल्याला टोपी आहे का. मग ते निघालं. सावकाश, शेपटी पुढं करून, अगदी अंत्ययात्रेच्या चालीनं.

ते जाताना सगळ्यांना दिसलं. खाली घातलेल्या मानांच्या कोपऱ्यांतून प्रत्येक डोळा त्याच्याबरोबर सरकत होता. पण घंटा चालू होती! आसलाउग टेबलाशी किटली हातात धरून उभी होती. तिच्या ओठांचा आकार "ध" असा झाला, "रा" बाहेर पडला नाही. हेलिकॉप्टर टेबलाजवळून गेलं. चादरीचं टोक हललं. केकाला धक्का लागला नाही, एवढीही साय हलली नाही, आणि माना खाली घातलेल्या अख्ख्या गावातून सुटकेचा एक सुस्कारा निघाला.

टण्ण!

मग ते होडीघरात शिरलं. दारातून. दार बंद होतं.

आवाज फार मोठा झाला नाही. जुनं लाकूड मोडतं तसा, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा. मागचं छोटं पातं चौकटीला वेणीसारखं गुंडाळलं गेलं, शेपटीचा लांब दांडा कोपरासारखा वाकला, आणि सारं शांत झालं. घंटा मात्र चालूच राहिली. आन्फिन गावचा वडीलधारा माणूस होता, त्याच्यासाठी घंटा बराच वेळ वाजायची होती! तेवढा वेळ सगळे उभे राहिले. पाऊस भुरभुरायला लागला. टकलांवर थेंब साचले.

शेवटी घंटा थांबली. टोप्या डोक्यावर गेल्या.

"मी म्हटलं होतं," ओड्वार म्हणाला, "डावीकडं."

*

बापाला ठेवायचं कुठं? प्रार्थनाघराची थंड खोली दुरुस्तीला निघाली होती. शेवटी मासळीच्या कारखान्यानं आपली एक खोली धुऊन दिली. आन्फिननं जन्मभर त्या कारखान्याला मासे विकले, भावावरून जन्मभर भांडला, आणि अखेर तिथंच त्याला जागा मिळाली, फुकट. शेजारच्या खोलीत कॉड माशांची खोकी रचलेली. टोरग्रिम रोज दुपारी जाऊन बसायचा. लोकरीची टोपी कानांवर ओढून, बर्फाळ वाफेत बापाशी बोलायचा.

"होईल, बाबा. पुढच्या आठवड्यात होईल."

जिवंतपणी म्हातारा इतका वेळ कधी ऐकून घेत नसे. टोरग्रिमला हे बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटायचं.

दुरुस्तीसाठी त्यानं पहिला फोन शहरातल्या मिस्त्रीला, ख्यार्तानला केला.

"पातं वाकलंय?" ख्यार्ताननं विचारलं.

"वेणी घातलीय."

"आणि मागचा दांडा?"

"त्याला कोपर आलंय."

"अरे देवा! टोरग्रिम, आता कशालाही हात लावू नकोस. आधी विमेवाल्यांना बघू दे. आहे तिथं, आहे तसं राहू दे."

दुसरा फोन विमेवाल्यांना. तिकडची बाई गोड आवाजाची होती.

"अपघात उडताना झाला का?"

"नाही."

"म्हणजे उभं असताना."

"उभंही नव्हतं."

"साहेब, हेलिकॉप्टर एक तर उडत असतं, नाही तर उभं असतं. आमच्याकडं दोनच विभाग आहेत."

"हे गडगडत होतं!"

"बरं. गडगडताना कुणाच्या ताब्यात होतं?"

"कुणाच्याच नाही."

"ढकलायला माणसं नव्हती?"

"अख्खा गाव होता!"

"आणि धरून कुणीच नव्हतं?"

"घंटा वाजत होती ना!"

बाई बराच वेळ गप्प राहिली. ती ग्रोविकची नसल्यामुळे तो होकार नव्हता.

वादळानं बोटी बंद होत्या, त्या सुरू झाल्यावर एक माणूस आला. पातळ शहरी बूट, चेहरा बोट लागल्यामुळे काकडीसारखा हिरवा. त्यानं फोटो काढले. हेलिकॉप्टरभोवती आणि होडीघराच्या दाराभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली, आणि म्हणाला, "कुणी हात लावायचा नाही. माझ्या मते हे उडणाऱ्यांच्या विभागाचं आहे. मी उभ्या हेलिकॉप्टरांचा."

मग पुन्हा वादळ. मग उडणाऱ्यांच्या विभागाचा माणूस. त्यानं आसलाउगनं पुढे केलेला केक खाल्ला, पात्याच्या वेणीकडे बघितलं आणि विचारलं, "इंजिन चालू होतं?"

"नाही."

"मग हे माझं नाही. पण हात लावू नका."

टोरग्रिमनं ख्यार्तानला फोन लावला. "निदान नवा दांडा मागवून तरी ठेव!"

"मागवला. कारखानेवाले म्हणतात, जुना आधी पाठवा, तरच नवा देऊ."

"मग जुना काढून ने!"

"काढला असता. विमेवाले काढू देत नाहीत."

"ते म्हणतात, दुरुस्तीचा अंदाज द्या, मग सोडतो!"

"अंदाज द्यायला मला तो काढून बघायला हवा."

"मग काढ!"

"टोरग्रिम," ख्यार्तान हळूच म्हणाला, "आपण हे मघाशीच बोललो."

दिवस आखडत चालले. सूर्य दुपारी डोंगराच्या खांद्यावरून डोकावायचा, कुणी ओळखीचं दिसत नाही असं बघून पुन्हा बसायचा. हेलोया बेट समोर होतं, इतकं समोर की चर्चचा मनोरा दिसायचा. एका माणसाला एका बाईशेजारी नेऊन ठेवायचं होतं, आणि मधे पाणी होतं. बस. गाण्यात असतं तेवढंच पाणी.

गावानं माफी मागितली नाही. ग्रोविकमध्ये माफी मागत नाहीत, केक आणून ठेवतात. रोज सकाळी टोरग्रिमच्या पायरीवर एक केक. सफरचंदाचा, बदामाचा, साईचा, पुन्हा सफरचंदाचा. आसलाउगनं एकदा दार उघडलं, केक बघितला आणि दाराशीच मटकन बसली.

"आणखी एक जरी आला ना, टोरग्रिम, तर मी त्याच्यावर डोकं ठेवून रडेन."

"रड. मऊ आहे."

हसू दोघांनाही आलं नाही. आतल्या खोलीत म्हाताऱ्याची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. तिच्या पाठीवर त्याचा हातमोजा अजून वाळत पडला होता. एकच. दुसरा त्याच्याबरोबर पेटीत गेला होता, कारण त्या दिवशी तो एकच सापडला.

मग एका दुपारी पाद्रीबाई आली. इंगविल तिचं नाव, तरणी पोर, दक्षिणेकडून आलेली, गावाच्या शांततेला अजून घाबरणारी. तिनं केक घेतला नाही, तेव्हाच टोरग्रिम समजला.

"टोरग्रिम, कायद्याची मुदत केव्हाच संपली. मी वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली. आता ते ऐकत नाहीत. या शनिवारी आन्फिनला मातीत ठेवायलाच हवं. इथं, आपल्या नव्या दफनभूमीत."

"नवी दफनभूमी रस्त्याकडेला आहे."

"हो."

"तिथून समुद्र दिसत नाही."

"नाही दिसत."

"त्याला मी शब्द दिलाय, इंगविल. हात धरून दिलाय."

ती काही बोलली नाही. ती हळूहळू ग्रोविककर होत होती. टोरग्रिमला यावेळी कळलं, की हा नकार आहे.

तो उठला आणि उतारावरून खाली गेला. पायाखाली गवत पिवळं, भिजलेलं. पट्टीच्या पलीकडं त्याचं हेलिकॉप्टर उभं होतं, होडीघरात शेपूट खुपसून, शिंगं अडकलेल्या मेंढ्यासारखं. आसलाउग मागोमाग आली. दोघं पट्टीच्या बाहेर उभी राहिली.

"कुणाकडे बोट दाखवतंय ते?" ती म्हणाली.

"कोण?"

"तुझं हेलिकॉप्टर. बघ तरी."

त्यानं वाकून बघितलं. मोडक्या दारातून वाकडा दांडा आत गेला होता, आणि त्याच्या टोकासमोर, अंधारात, कोळिष्टकांखाली, म्हाताऱ्याची होडी होती. लांब, हलकी, दोन्ही टोकांना उभार घेतलेली, गावात उरलेली वल्ह्यांची शेवटची होडी. आईला घेऊन गेलेली. इतके दिवस ते शेपटी करून दाखवत होतं, आणि अख्खा गाव शेपटीकडे बघत होता!

"दारातून निघणार नाही," टोरग्रिम म्हणाला. "शेपटीला हात लागेल. विमेवाले..."

"दाराचं कोण बोलतंय? तिकडची भिंत समुद्राकडे आहे ना?"

टोरग्रिमनं तिच्याकडे बघितलं. मग शेडकडे धावत गेला आणि करवत घेऊन आला.

बापानं बांधलेली भिंत लेकानं कापली. पहिली फळी पडली, तशी माणसं जमू लागली. कुणी बोलावलं नव्हतं. करवती, पहारी, डांबराची बादली, भेगा बुजवायला लोकर, प्रत्येकानं काही ना काही आणलं. पण सगळे थोडे लांबच उभे राहिले, जणू त्यांचेच हात त्यांना चावतील.

"सावड आहे," ओड्वार जमिनीकडे बघत म्हणाला. "म्हणजे, तू म्हणत असशील तर."

टोरग्रिमला पायरीवरचा सफरचंदाचा केक आठवला. बदामाचा आठवला. त्यानं करवत ओड्वारच्या हातात दिली.

"एकच अट. टोपीला कुणी हात लावायचा नाही. आकाश कोसळलं तरी!"

होडी बाहेर आली. पाण्यात लोटली तर चाळणीसारखी गळायला लागली. कोरडी पडून ती तहानलेली होती. पाणी पिऊन पिऊन तिच्या फळ्या फुगल्या आणि भेगा मिटल्या. हेलिकॉप्टरला कुणाचं बोटही लागलं नाही. पट्टी जागच्या जागी फडफडत राहिली.

शनिवारी समुद्र निजल्यासारखा होता. राखाडी, सपाट, एकही सुरकुती नसलेला. सहा जण वल्ह्यांवर, मधे आन्फिनची पेटी, पुढच्या टोकाला इंगविल, तिचा काळा झगा गुडघ्यांत घट्ट धरलेला. सुकाणूवर टोरग्रिम. बाकीचा गाव किनाऱ्यावर, केकांसह.

वल्ही मारायची सवय कुणाचीच उरली नव्हती. होडी आधी खेकड्यासारखी आडवी गेली.

"डावीकडं!" ओड्वार ओरडला.

"ओड्वार!" पाच जण एकदम ओरडले.

तो गप्प बसला. आन्फिनच्या गळ्यातलं गाणं टोरग्रिमच्या गळ्यात होतं हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं, बसक्या आवाजात, सुराला सोडून. ओढ गड्या ओढ. आणि वल्ही एकत्र पडायला लागली. लाट आली भारी. होडी सरळ झाली.

नेमकी त्याच वेळी मागून ग्रोविकच्या चर्चची घंटा वाजली.

टण्ण!

वल्ही हवेतच थांबली. ओड्वारचा उजवा हात वल्ह्यावरून सुटून वर निघालाच होता, कानापर्यंत पोचलाही!

"टोपी!" टोरग्रिम गरजला. "ज्यानं टोपी काढली, त्याला मी इथंच बुडवीन! बापाची शपथ!"

"पण घंटा..." ओड्वार रडवेला झाला. "टोरग्रिम, घंटा वाजतेय रे! आन्फिन आहे!"

"म्हणूनच! ओढा!"

त्या गावात पहिल्यांदाच माणसांनी घंटा ऐकत काम केलं. टोप्या कपाळापर्यंत ओढलेल्या, ओठ दाबलेले, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पुसायला हात मोकळा नाही. पल्याडच्या दारी. खडकांचे दात होडीच्या पोटाखालून हळूच गेले. दिवा जळे.

हेलोयाला उतरल्यावर टोरग्रिम म्हणाला, "तुम्ही पेटी घ्या. मी आलोच." तो चर्चमध्ये शिरला आणि मनोऱ्याच्या शिडीवर चढला. बेटावरची घंटा छोटी होती, हिरवी पडलेली. पेटी मातीत सोडली जात असताना इंगविल या घंटेचा दोर ओढणार, हे त्याला माहीत होतं. आणि पेटीच्या दोरांवर असणार होते तेच सहा जण. त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, घंटेच्या लोलकाला घट्ट गुंडाळली, वरून सुतळी आवळली.

खड्डा ओलिनाशेजारी खणलेला होता, टोरग्रिमनं त्या पहिल्या शनिवारच्या आदल्या दिवशी माणसं उडवत नेली होती तेव्हाच. सहा जणांनी दोर धरले. डोक्यांवर टोप्या. इंगविलनं ते बघितलं, भुवया उंचावल्या. बोडका फक्त टोरग्रिम. तिनं प्रार्थना म्हटली, चर्चच्या दाराशी गेली आणि घंटेचा दोर ओढला.

धप्.

तिनं वर बघितलं. पुन्हा ओढला.

धप्. धप्.

मऊ, खोल, पांघरुणाखालून ऐकू यावं असं. सहा जणांनी एकमेकांकडे बघितलं. हात दोरावर, घट्ट. कुणी डावीकडं म्हणालं नाही. कुणी हळू म्हणालं नाही. कुणी काहीच म्हणालं नाही, आणि आन्फिन सपाट, सावकाश, एका तालात खाली गेला, निवलेल्या पाण्यात होडी उतरावी तसा. टोरग्रिम उभा राहिला. ओल्या वाऱ्यात त्याच्या टकलावर थेंब साचले. हीच विद्या त्या शनिवारी कुठं ठेवली होती, मेल्यांनो, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आलं ते गाण्याचं दुसरं कडवं. होडी तीराला टेकल्यावरच बाप ते म्हणायचा, म्हणून फार थोड्यांनी ऐकलं होतं.

नको गड्या ओढू,
किनारा हा आला,
सोबतीला झाला
जीव जिवा.

परतताना वारा सुटला. टोरग्रिम शिंकला. एकदा, दोनदा, मग शिंकतच सुटला.

"तुझी टोपी कुठं आहे?" ओड्वारनं विचारलं.

टोरग्रिमनं डोक्याला हात लावला. मागं वळून मनोऱ्याकडे बघितलं. बेट धुक्यात शिरत होतं, उद्यापासून वादळाचा अंदाज होता, आणि वसंतापर्यंत इथं कुणी वल्ही मारणार नव्हतं.

"राहिली वर," तो म्हणाला. "हेलिकॉप्टर दुरुस्त झालं की आणतो जाऊन."

होडीत कुणी काही बोललं नाही. वल्ही एका तालात पडत राहिली. बऱ्याच वेळानं ओड्वारनं वल्हं न सोडता आपली टोपी दातांनी ओढून काढली आणि मान पुढं करून टोरग्रिमच्या मांडीवर टाकली.

"असू दे," तो म्हणाला. "ते उडेपर्यंत तुझ्या नातवालाही पुरेल."